राखीव यंत्र आणि मधली चावी

राजुऱ्याजवळच्या एका गावी नळयोजनेच्या विहिरीवर दोन पंप होते. एक चालता, दुसरा राखीव. भर उन्हाळ्यात पहिला जळाला. लोक म्हणाले, "काळजी कशाची? दुसरा आहे की!" पण दुसऱ्या पंपाचे पाणी नळाकडे वळवणारी मधली चावी वर्षानुवर्षे कोणी फिरवलीच नव्हती. ती गंजून बसलेली. धड पंप डोळ्यांपुढे असून बायाबापड्यांनी चार दिवस नदीवरून पाणी आणले.

श्रोतेहो, आज सांगायचे आहे ते अशाच एका चावीविषयी. फक्त ती पाण्याची नव्हे, उपग्रहाच्या संदेशाची आहे.

पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यात आर्वी नावाचे गाव आहे. आपल्या वर्ध्याकडची आर्वी ती निराळी. तिथे 1971 साली उपग्रहामार्फत परदेशाशी बोलणारे केंद्र सुरू झाले. अशा केंद्राची अँटेना म्हणजे भली मोठी परातच. उपग्रह असतो सुमारे 36,000 किलोमीटर उंच. एवढ्या दुरून आलेला संदेश अगदी क्षीण होतो. त्याला बळ देणारे यंत्र, म्हणजे वर्धक, परातीपाशीच बसवतात. ते बिघडले की सारी संभाषणे एकदम तुटायची. म्हणून वर्धक दोन ठेवतात.

आता अदलाबदल कशी होते ते बघा. संदेश धातूच्या पोकळ नळीतून येतो. नळीच्या वाटेवर एक ठोकळा असतो आणि त्याच्या पोटात वळणदार वाटा कोरलेला गोल दांडा. दांडा पाव फेरा फिरला की पहिल्या वर्धकाची वाट बंद, दुसऱ्याची खुली. फिरवायला माणूस लागत नाही. वर्धक किती वीज घेतो यावर एक नियंत्रक सतत नजर ठेवतो. आकडा मर्यादेबाहेर गेला की तो दांडा फिरवतो नि धोक्याची सूचना देतो. सारे काम एका सेकंदाच्या आत!

संदेश वर धाडणाऱ्या यंत्राची गोष्ट थोडी वेगळी. त्यातली मोठी नलिका तापायलाच काही मिनिटे लागतात. म्हणून राखीव यंत्रही तापलेले ठेवतात; त्याची शक्ती आकाशात न सोडता एका शोषकात जिरवतात.

म्हणाल, सगळेच दुप्पट घ्यायचे तर खर्च केवढा? म्हणून कुठे कुठे दोन चालत्या यंत्रांमागे एकच राखीव ठेवतात. पण दोन्ही एकाच विजेच्या तारेवर असतील, तर तार तुटताच दोन्ही निजणार! तेव्हा वीजही दोन वाटांनी हवी.

खुद्द उपग्रहात दुरुस्तीला कोण जाणार? त्याची राखीव यंत्रे त्याच्या पोटातच असतात. तरी एप्रिल 1982 मध्ये सोडलेला इन्सॅट-1ए सप्टेंबरातच निकामी झाला. त्याच्या जागी इन्सॅट-1बी गेला तो ऑगस्ट 1983 मध्ये. अख्खा उपग्रहच गेला, तर जमिनीवरची चावी फिरवून काय होणार?

पर्लकोटेला पूर येऊन भामरागडची वाट कितीतरी पावसाळ्यांत तुटली आहे. अशा वेळी औषधाचा नि मदतीचा निरोप आकाशमार्गेच जाऊ शकतो. तेव्हा राखीव यंत्र नुसते असून भागत नाही. बिघाड ओळखणारा हवा, चावी फिरती हवी. म्हणूनच जाणते तंत्रज्ञ सारे सुरळीत असतानाही ठरल्या दिवशी मुद्दाम अदलाबदल करून बघतात.

आमच्या त्या गावानेही धडा घेतला. आता दर पंधरवड्याला पंप बदलतात, आणि चावीला तेल घालतात.