स्वरयंत्रहीन रुग्णाची शुश्रूषा : एक भाषाशास्त्रीय विचार

कर्करोगामुळे ज्याचे स्वरयंत्र संपूर्ण काढून टाकावे लागले आहे, अशा रुग्णाविषयी त्याचे आप्त ‘त्यांची वाचा गेली’ असे म्हणतात. पक्षाघाताने ज्याची भाषाच हरपली आहे, त्याच्याविषयीही हाच शब्दप्रयोग होतो. वस्तुतः या दोन अवस्थांत महदंतर आहे. पहिल्या रुग्णाचा शब्दसंग्रह, व्याकरण, स्मरण, तसेच जीभ, टाळू व ओठ यांच्या हालचाली बहुधा शाबूत असतात. त्याचा गेला आहे तो केवळ नाद. हा भेद परिचारिकेच्या नित्याच्या कामात कोठे आड येतो, आणि मराठी भाषेची घडण तिला कोठे साहाय्य करते व कोठे पेचात टाकते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. शरीररचनेतील पालट

कर्करोगासाठी स्वरयंत्र संपूर्ण काढण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया बिलरोथ या शल्यविशारदाने व्हिएन्ना येथे ३१ डिसेंबर १८७३ रोजी केली. या शस्त्रक्रियेत श्वासनलिकेचे वरचे टोक मानेच्या पुढील भागी त्वचेला शिवून तेथे कायमचे रंध्र ठेवतात. त्यामुळे श्वासाचा मार्ग आणि अन्नाचा मार्ग एकमेकांपासून संपूर्णपणे विभक्त होतात. यानंतर तोंड व नाक ही श्वसनाची द्वारे राहत नाहीत.

शुश्रूषेचे बहुतेक नियम या एका गोष्टीतून निघतात. नाक हवेला ऊब व ओलावा देते आणि धूळ अडवते. ते काम आता होत नाही. म्हणून कफ घट्ट होतो, त्याच्या खपल्या धरतात आणि रंध्र अडते. हवेत बाष्प राखणे, रंध्रावर ओलावा धरणारी गाळणी अथवा स्वच्छ कापडी आच्छादन ठेवणे आणि नळीने कफ ओढून घेताना एका वेळी १० ते १५ सेकंदांहून अधिक काळ न घेणे, ही दक्षता त्यासाठीच असते. खोकताना रुग्णाने तोंड नव्हे तर रंध्र झाकावयाचे असते. स्नानाच्या वेळी रंध्रात पाणी जाऊ नये याची काळजी घ्यावी लागते. श्वास कोंडल्यास प्राणवायू मानेपाशी द्यावा लागतो. केवळ नाकातोंडावर मुखवटा धरल्यास तो फुप्फुसांत पोहोचत नाही.

येथे ‘गळ्याला भोक पाडले आहे’ हे ढोबळ वर्णन घातक ठरते. श्वासनलिकेला छेद देऊन नळी बसवलेल्या सर्वच रुग्णांचे स्वरयंत्र काढलेले नसते. पुष्कळांच्या बाबतीत वरचा मार्ग जागेवर असतो आणि त्यांचा आवाज पुढे परत येऊ शकतो. ब्रिटनमध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक सूचनांत पहिल्या प्रकारच्या रुग्णाच्या उशाशी लाल आणि दुसऱ्याच्या उशाशी हिरवा फलक लावण्याची योजना आहे. आपल्या कक्षांतही ‘हा रुग्ण केवळ मानेवाटे श्वास घेतो’ असे स्पष्ट मराठीत लिहिलेला फलक असावा, म्हणजे रात्रपाळीच्या नवख्या मदतनिसालाही भेद कळेल.

२. नाद गेल्यावर काय उरते

आपल्या प्राचीन ध्वनिशास्त्राने ही गोष्ट फार पूर्वी सूक्ष्मपणे जाणली होती. कंठ संवृत असता नाद, विवृत असता श्वास, आणि या दोहोंच्या मधल्या अवस्थेत हकार उत्पन्न होतो, असे तैत्तिरीय प्रातिशाख्यात प्रतिपादन आहे. घोष व अघोष वर्णांचा भेद या मीमांसेवर आधारलेला आहे. स्वरयंत्र काढल्यावर या तिन्ही अवस्था एकदमच संपतात. नाद नाही म्हणून स्वर नाहीत. फुप्फुसांतील श्वास मुखात येत नाही म्हणून साधी कुजबुजही नाही. तोंडात कोंडलेल्या थोड्याशा हवेने ‘प’, ‘त’, ‘क’ यांचे क्षीण स्फोट तेवढे ऐकू येतात. म्हणून ‘हळू बोला, कुजबुजून सांगा’ ही सूचना रुग्णाला निष्फळ कष्ट देणारी आहे.

परिचारिकेला मुख्यतः ओठ वाचावे लागतात. पण ओठांवर ‘प’, ‘ब’, ‘म’ सारखेच दिसतात. ‘पोट दुखते’ आणि ‘बोट दुखते’ यांत डोळ्यांना काही भेद आढळत नाही. ‘क’, ‘ख’, ‘ग’, ‘घ’ तर जिभेच्या मागील भागाने उच्चारले जातात आणि दिसतच नाहीत. दुर्दैवाने ‘खोकला’, ‘कफ’, ‘घसा’, ‘गुदमरणे’ हे या रुग्णाचे नित्याचे शब्द याच वर्णांनी सुरू होतात. यास्तव एकटा शब्द न मागता वाक्य मागावे, आणि समजलेले वाक्य स्वतः उच्चारून रुग्णाची संमती घ्यावी. न समजता मान डोलावणे ही दया नव्हे. तो संवादाचा अंत होय.

३. प्रश्नाचे व्याकरण

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दिवसांत रुग्णाची भाषा बहुतांशी ‘हो’ आणि ‘नाही’ एवढ्यावर येते. त्यामुळे संभाषणाचा सर्व भार प्रश्नाच्या रचनेवर पडतो. ‘दुखत नाही ना?’ असे आपण सहज विचारतो. याला रुग्णाने होकारार्थी मान हलवली, तर त्याचा अर्थ ‘होय, दुखत नाही’ असा घ्यावा की ‘होय, दुखते’ असा? बोलणारा मनुष्य पुढचे शब्द उच्चारून हा संदेह दूर करतो. या रुग्णाला ती सोय नाही. म्हणून ‘दुखते का?’ असा सरळ प्रश्न विचारावा. तसेच ‘पाणी हवे की कुशीवर वळवू?’ या विकल्पार्थी प्रश्नाला मानेने उत्तर देता येत नाही. त्याचे दोन प्रश्न करावेत आणि दोहोंमध्ये थांबावे.

साक्षर रुग्णाला पाटी अथवा भ्रमणध्वनीवरील लेखन उपयोगी पडते. याकरिता शिरेत द्रव देण्याची सुई लिहित्या हातात टोचू नये. बोटांपुरतेच बळ असेल, तेव्हा आपल्या वर्णमालेची शास्त्रशुद्ध मांडणी कामी येऊ शकते. ‘क’ ते ‘म’ ही पंचवीस अक्षरे पाच ओळींत पाच-पाच बसतात. रुग्णाने आधी ओळीची व मग अक्षराची संख्या बोटांनी दाखवावी : पाच आणि एक म्हणजे ‘प’, तीन आणि पाच म्हणजे ‘ण’. एवढ्यावरून ‘पाणी’ ओळखू येते. निरक्षर रुग्णासाठी चित्रफलक हवा. या खुणा शस्त्रक्रियेपूर्वी, रुग्ण बोलू शकतो तेव्हाच, त्याच्याशी ठरवून घ्याव्यात. घंटा त्याच्या हाताशी असावी, आणि ती वाजताच परिचारिकेने खाटेपाशी जावे. दुरून ‘काय हवे?’ असे विचारल्यास त्याला उत्तर देता येत नाही.

४. द्वितीय पुरुषाचा लोप

या विषयातील सर्वांत गंभीर गोष्ट व्याकरणाच्या एका लहानशा प्रत्ययात दडलेली आहे. ‘तुम्ही जेवलात का?’ हा प्रश्न रुग्णाला असतो. ‘हे जेवले का?’ हा प्रश्न त्याच्या उशाशी बसलेल्या पत्नीला अथवा मुलाला असतो. रुग्ण बोलेनासा झाला की वैद्य, परिचारिका व आप्त हळूहळू दुसऱ्या प्रश्नाकडे वळतात. त्यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो. उत्तर लवकर मिळावे एवढीच इच्छा असते. तथापि खाटेवरचा मनुष्य द्वितीय पुरुषातून तृतीय पुरुषात जातो. ज्याच्याशी बोलावयाचे तो ज्याच्याविषयी बोलावयाचा असा होतो. ज्याला सर्व ऐकू येते, सर्व समजते, त्याच्यासमोर हे घडते. याकरिता परिचारिकेने प्रश्न रुग्णाकडे पाहून, ‘तुम्ही’ म्हणूनच विचारावा, आणि उत्तराला लागणारा वेळ त्याला द्यावा.

५. नव्या आवाजाची साधने

आज नाद परत मिळवण्याचे मुख्यतः तीन मार्ग आहेत. पहिला, अन्ननलिकेत हवा घेऊन ती बाहेर सोडताना घशाच्या स्नायूंना कंपित करण्याचा; यात हवेचा साठा अल्प असल्यामुळे वाक्ये आखूड होतात. दुसरा, मानेला लावावयाच्या विजेच्या कंपनयंत्राचा. त्याचे कंपन अखंड असल्याने अघोष वर्ण घोष भासतात, आणि ‘ताप’ हा शब्द ‘दाब’ असा ऐकू येऊ शकतो. तिसरा, सिंगर व ब्लोम यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीचा. यात श्वासनलिका व अन्ननलिका यांमध्ये एकमार्गी झडप बसवतात. श्वास सोडताना रंध्र क्षणभर बोटाने झाकले की फुप्फुसांतील हवा अन्ननलिकेत शिरते व नाद उमटतो. झडपेची स्वच्छता आणि तिच्यातून पाणी झिरपते काय हे पाहणे, हे परिचारिकेने शिकवावयाचे काम आहे.

हा आवाज जाडाभरडा असतो, आणि स्त्रियांना तो आपला वाटण्यास विशेष वेळ लागतो. त्याची पहिली श्रोती बहुधा परिचारिकाच असते. ती समजून घेण्यासाठी थांबली, तर रुग्ण दुसरे वाक्य बोलण्याचे धैर्य करतो. कफ ओढणे, बाष्प देणे, रंध्र स्वच्छ राखणे यांनी त्याचा श्वास चालू राहतो. त्याचे बोलणे चालू ठेवणे हेही शुश्रूषेचेच अंग आहे, आणि त्याची उपेक्षा झाल्यास शरीराचे दुखणेसुद्धा सांगितले जाणार नाही.