फॉर्म खरोखर गेला का?

विद्यार्थी मित्रांनो, शिष्यवृत्तीचा फॉर्म भरून 'सबमिट' दाबले आणि चक्र फिरतच राहिले, तर अर्ज पोहोचला हे कसे कळावे? संगणकावर आधी एफ-१२ दाबून 'नेटवर्क' उघडा, मग सबमिट करा. ब्राउझरने पाठवलेली प्रत्येक विनंती तिथे दिसते. ४०४ म्हणजे पत्ता सापडला नाही, ५०० म्हणजे बिघाड समोरच्या सर्व्हरचा. २०० आले तरी आतले उत्तर वाचा. तिथेही कधी 'अर्ज नामंजूर' लिहिलेले असते!

मायक्रोसॉफ्टच्या प्लेराइटने (२०२०) हीच तपासणी प्रोग्राममधून करता येते. मात्र पाळत क्लिकच्या आधी बसवावी. पांडेसऱ्यातल्या मिलमधून टेम्पो निघून गेल्यावर गेटवर वॉचमन उभा करून काय उपयोग? पालकांनो, या नोंदीत पासवर्डही दिसू शकतो. तिचा फोटो कोणाला पाठवू नका.