आधी चाळणी, मग वस्त्रगाळ

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिक या व्यवसायाचा निदेशक म्हणून मी बरीच वर्षे काढली. त्यामुळे लग्नाकार्यात भेटलो की कुणी माझी तब्येत विचारत नाही, आपल्या गाडीची तब्येत सांगतात. गेल्या काही वर्षांत एक प्रश्न फार वेळा येतो. ‘पिकअपला एक जादा डिझेल फिल्टर बसवून घेऊ का हो?’ पूर्वी मी हातातली जिलबी खाली न ठेवता उत्तर देत असे, ‘बसवा की, त्यात बिघडतंय काय?’

बिघडते. आणि ते मी माझ्याच बहिणीच्या घरी बिघडवून दाखवले आहे. आजचे बोलणे त्याबद्दल.

आमच्या दाजींची शेती जुन्नर तालुक्यात. टोमॅटोच्या दिवसांत त्यांची पिकअप नारायणगावहून आळेफाटा, ओतूर, माळशेज, मुरबाड, कल्याण अशी वाशीच्या बाजारात जाते. २०१७ सालच्या श्रावणातली गोष्ट. सत्तर क्रेट टोमॅटो भरून गाडी रात्री निघाली. ओतूरच्या पुढे इंजिन झटके देऊ लागले. ड्रायव्हरला वाटले, पहाटेच्या आत वाशी गाठू, मग बघू. माळशेजच्या उतारावर, धुक्यात आणि पावसात, इंजिन बंद पडले. त्याने सवयीने क्लच दाबला. दोन-तीनदा ब्रेक मारल्यावर पेडल दगडासारखे कडक झाले. ब्रेकला जी मदत मिळते ती इंजिन फिरत असेल तरच मिळते, हे अनेक चालकांना अशा वेळीच कळते. स्टेअरिंगही जड झाले. पोरगा हुशार होता. त्याने क्लच सोडून गाडी गिअरमध्येच राहू दिली, हँडब्रेक ओढत ओढत डोंगराच्या बाजूच्या गटारात चाक घातले. माणूस वाचला, गाडी वाचली. टोमॅटोचे काय झाले ते सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी मी गेलो. कंपनीचा फिल्टर काढून काचेच्या बरणीत रिकामा केला. वर डिझेल, खाली दोन बोटे गढूळ, तांबूस पाणी. चारही इंजेक्टर गेलेले. मजुरी धरून बिल सत्तर हजारांच्या पुढे गेले. मी ड्रायव्हरला विचारले, ‘अरे, डिझेलमध्ये पाणी आलं की डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. तुला दिसला नाही?’ तो म्हणाला, ‘सर, तो सारखाच लागायचा. गाडी तर चालत होती. म्हणून फिल्टरखालची वायर काढून ठेवली.’ दाजी काही बोलले नाहीत. फक्त मला म्हणाले, ‘मास्तर, हे पुन्हा होऊ नये एवढं करा.’

आता थोडे इंजिनाविषयी. जुन्या डिझेल गाड्यांत इंजेक्टर साधारण दोनशे-अडीचशे बार दाबाला उघडत असे. कॉमन रेल पद्धतीत डिझेल एका जाड नळीत १६०० बार आणि त्याहूनही जास्त दाबाने भरून ठेवलेले असते. कारच्या टायरमध्ये हवा असते दोन-सव्वादोन बार, म्हणजे अंदाज करा. प्रवासी मोटारींत ही पद्धत १९९७ साली आली, पुढे ती आपल्या पिकअपपर्यंत पोचली. एवढा दाब अडवून धरायचा म्हणजे इंजेक्टरच्या आतले भाग एकमेकांत इतके घट्ट बसवावे लागतात की मधली फट दोन-चार मायक्रॉनची राहते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याचा केस पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड असतो. डोळ्याला स्वच्छ दिसणाऱ्या डिझेलमध्ये या फटीत अडकेल अशी भरपूर धूळ असू शकते.

आणि पाणी तर धुळीहून वाईट. या पंपाला, इंजेक्टरला वेगळे तेल-वंगण नसते. डिझेल हेच त्यांचे वंगण. त्या जागी पाण्याचा थेंब आला की पोलादावर पोलाद घासते, आणि गाडी चार दिवस उभी राहिली की गंज चढतो. जुने इंजिन असले डिझेल पिऊन, धूर ओकून, कुरकुरत का होईना घरी येत असे. नव्याला ते पचत नाही.

पाणी येते कुठून? सगळे बोट पेट्रोल पंपाकडे दाखवतात. पंपावर घोटाळा असू शकतो, तिथे घनता तपासून मागण्याचा ग्राहकाला हक्कही आहे, तो जरूर बजावा. पण दाजींच्या बाबतीत चोर घरातच होता. ट्रॅक्टरसाठी म्हणून अंगणात दोनशे लिटरचे लोखंडी बॅरल उभे ठेवलेले. पिकअपलाही अडीअडचणीला त्यातूनच डिझेल. उभ्या बॅरलच्या वरच्या कडेच्या आत पावसाचे पाणी साचते, आणि बूच असते नेमके त्या तळ्यात. दिवसा बॅरल तापते, आतली हवा फुगून बुचाच्या आट्यांतून बाहेर जाते. रात्री गार झाले की बॅरल श्वास आत ओढते, आणि हवेऐवजी ते साचलेले पाणी ओढून घेते. बूच हाताने घट्ट वाटते, तरीही. शिवाय अर्धवट भरलेल्या टाकीत दमट हवेचे दव धरते ते वेगळे. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात त्या थरात सूक्ष्म जीव वाढतात, त्यांचा शेवाळासारखा बुळबुळीत साका होतो. डिझेलमध्ये बायोडिझेल मिसळलेले असेल तर ते ओल आणखी धरून ठेवते.

एवढे सगळे मला माहीत होते. तरीही मी चूक केली. घाईत बाजारातून एक छोटा, पारदर्शक प्लास्टिकचा फिल्टर आणला, टाकीकडून येणारी नळी कापली आणि दोन क्लिपा आवळून मध्ये बसवून टाकला. दाजी खूश. गाडी वाशीला गेली, माल उतरला. परतताना रिकामी गाडी माळशेजचा चढ चढेना. दुसऱ्या गिअरमध्ये धापा टाकत वर आली. मी पाहिले तर त्या पारदर्शक फिल्टरमध्ये बुडबुड्यांची रांग लागलेली.

झाले काय, ते नीट समजून घ्या, कारण सगळी मेख इथे आहे. अनेक पिकअपना टाकीत ढकलणारा पंप नसतो. इंजिनाजवळचा पंपच टाकीतून डिझेल ओढून घेतो. म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतची नळी ही शहाळ्यातल्या नळीसारखी आहे. तुम्ही नळीचे तोंड अर्धे दाबून धरले तर पाणी येत नाही, गाल मात्र आत जातात. अरुंद फिल्टरने तेच केले. आणि नळीला सुईएवढे भोक पडले तर पाणी बाहेर गळत नाही, हवा आत येते. माझ्या एका क्लिपेखाली नळी जराशी चिरली होती. जमिनीवर एक थेंब डिझेल नव्हते, त्यामुळे मी निर्धास्त. ढकलणाऱ्या पंपाच्या पुढे गळती असेल तर ती थेंबाने ओरडून सांगते. ओढणाऱ्या बाजूची गळती मुकी असते. शिवाय कॉमन रेलचा पंप इंजिन जाळते त्यापेक्षा कितीतरी जास्त डिझेल ओढतो आणि उरलेले परतीच्या नळीने टाकीत पाठवतो. गाडी तासाला किती लिटर जाळते ते बघून फिल्टर निवडला, तर तो लहानच पडणार.

मग योग्य काय? आमची आई शिकेकाई दळून आणली की आधी चाळणीने चाळायची, मग जुन्या धोतराच्या तुकड्यातून वस्त्रगाळ करायची. उलट केले असते तर फडके पहिल्या मुठीलाच भरले असते. डिझेलचेही तसेच. कंपनीचा फिल्टर हे वस्त्र, त्याची छिद्रे काही मायक्रॉनची. त्याच्या आधी, टाकीच्या बाजूला, साधारण ३० मायक्रॉनचा आणि पाणी वेगळे करणारा मोठा फिल्टर बसवावा. ही चाळणी. ऑस्ट्रेलियात धुळीच्या रस्त्यांवर फिरणाऱ्या पिकअपना असे संच बसवण्याचा रिवाज आहे. काही लोक कंपनीच्या फिल्टरनंतर आणखी बारीक फिल्टर लावतात. त्यालाही पाठीराखे आहेत, पण मला ते पटत नाही. तो बदलताना हाताची घाण सरळ पंपात जाते, तिथे मागे अडवायला कोणी नसते.

पाणी वेगळे होते ते दोन कारणांनी. पाणी डिझेलहून जड. मोठ्या भांड्यात आल्यावर प्रवाह मंदावतो, थेंब खाली बसतात. आणि या फिल्टरच्या कागदाला असा लेप दिलेला असतो की अळवाच्या पानासारखे त्याला पाणी लागत नाही. बारीक थेंब पृष्ठभागावर अडतात, एकमेकांना मिळून मोठे होतात आणि खालच्या वाटीत ओघळतात. मात्र डिझेलमध्ये पूर्ण घोटले गेलेले, दुधासारखे पाणी त्यातूनही निसटते. म्हणून बॅरल सुधारल्याशिवाय फिल्टर लावणे म्हणजे गळक्या छपराखाली बादली ठेवणे.

बसवताना मी दुसऱ्या वेळी काय केले ते सांगतो. जागा निवडली चेसिसवर, टाकीजवळ. सायलेन्सरपासून लांब, चाकाचा दगड लागणार नाही अशी, आणि खालचा नळ उघडायला हात व बाटली जाईल एवढी मोकळी. फिल्टर अगदी उभा. नळी मूळ नळीच्याच आतल्या व्यासाची, डिझेलसाठी बनवलेली. पाण्याची नळी डिझेलने फुगते आणि आतून सोलते. क्लिपा इंधनाच्या, कड गोल असलेल्या. फिल्टरवरचा बाण इंजिनाकडे. नळ्यांची तोंडे काम संपेपर्यंत बंद. फिल्टर लवकर भरावा म्हणून कॅनमधले डिझेल त्याच्या मधल्या भोकात ओतण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे. ते भोक स्वच्छ बाजूचे असते. तिथून ओतलेले न गाळता पुढे जाते. हातपंपाने भरावे, वेळ लागू द्यावा. जोडीला एक छोटे व्हॅक्यूम गेज लावले आणि पहिल्या दिवशीचा आकडा खडूने नव्हे, पंच करून पट्टीवर लिहिला. तो चढू लागला की फिल्टर भरत आला.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. जुन्या गाडीची एअर काढताना आम्ही इंजेक्टरचे नट सैल करून स्टार्टर मारत असू. मीही मुलांना ते शिकवले आहे. कॉमन रेलवर हे कधीही करू नका. त्या दाबाची धार कातडी फोडून आत शिरते. वरून टाचणी टोचल्यासारखे दिसते, आत डिझेल पसरते, आणि बोट काढायची वेळ येऊ शकते. असे झाले तर मलम लावत बसू नका, तत्काळ रुग्णालयात जा.

देखभालीचे म्हणाल तर वाटीतले पाणी सकाळी, इंजिन सुरू करण्याआधी काढावे. रात्रभरात ते खाली बसलेले असते. चालू इंजिनावर नळ उघडला तर गाडी हवा धरेल. पावसाळ्यात दाजी दर दोन दिवसांनी काढतात, एरवी आठवड्याने. काढलेले काचेच्या बाटलीत घेतात, म्हणजे किती आले ते दिसते. कंपनीचा फिल्टर पुस्तिकेत दिलेल्या अंतरालाच बदलायचा. चाळणी लावली म्हणून वस्त्राचे आयुष्य मनाने वाढवू नये.

गाडी वॉरंटीत असेल, विशेषतः एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ असेल, तर आधी अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा आणि उत्तर लेखी घ्या. इंधनाच्या नळीत परस्पर जोड दिला म्हणून पुढे दावा नाकारला जाऊ शकतो. टाकीत ढकलणारा पंप असलेल्या गाड्यांचा हिशेबही वेगळा, तिथे तो दाब सोसणारा फिल्टर लागतो.

दाजींचे बॅरल आता गोठ्याच्या छपराखाली आडवे आहे. दोन्ही बुचे आडव्या रेषेत, डिझेलच्या पातळीखाली, म्हणजे श्वास घ्यायला जागाच नाही. पिकअपला मात्र त्यातून डिझेल घालायचे नाही, असा बहिणीचा हुकूम आहे. आणि त्या पिवळ्या दिव्याची वायर ड्रायव्हरने माझ्यासमोर स्वतः जोडली. किल्ली फिरवली, दिवा क्षणभर लागला आणि विझला, तेव्हा तो म्हणाला, ‘सर, हा असा विझतो हे मला माहीतच नव्हतं.’