पडद्यावरचे शास्त्रज्ञ – ६ : सिद्धांत आणि संसार

शास्त्रज्ञाचे खरे काम कॅमेऱ्यापुढे धड उभे राहत नाही. तो वाचतो, मोजतो, टिपणे काढतो, पत्रे लिहितो आणि वीस-वीस वर्षे हेच करत बसतो. म्हणून चरित्रपट त्याच्या घरात शिरतो. तिथे बायको-मुले असतात, आजारपणे असतात, पैशाची ओढाताण असते. सिद्धांताला बाहेरच्या जगात जो विरोध होणार असतो, तो आधी घरातल्याच कुणाच्या तोंडून ऐकवता येतो. या सोयीने काही चांगले चित्रपट दिले. काहींत मात्र शास्त्र तोंडी लावण्यापुरतेच उरले.

चार्ल्स डार्विनवरचा ‘क्रिएशन’ (२००९) हा या पद्धतीचा ठळक नमुना. जॉन एमिएल यांच्या या चित्रपटाला आधार आहे तो रँडल केन्स यांच्या पुस्तकाचा. केन्स हे डार्विनचे खापरपणतू. डार्विनची मुलगी ॲनी दहा वर्षांची असताना एप्रिल १८५१ मध्ये गेली. तिची लेखनपेटी कुटुंबाने जपून ठेवली होती आणि त्या पेटीपासूनच केन्स यांचे पुस्तक सुरू होते. चित्रपटात पॉल बेटनी डार्विन आहे आणि जेनिफर कॉनेली एमा. दोघे प्रत्यक्षातही पती-पत्नी असल्याने त्यांच्यातला अबोला फार बोलका वाटतो. मेलेली ॲनी बापाशी बोलते, वाद घालते, आणि अखेर हस्तलिखित छापायचे की जाळायचे हा निर्णय डार्विन श्रद्धाळू एमावर सोपवतो.

इतिहासात हा प्रसंग असा घडला नाही. जून १८५८ मध्ये तोच सिद्धांत मांडणारे वॉलेसचे पत्र आले, डार्विनचे मित्र लायेल आणि हूकर यांनी पुढाकार घेतला, १ जुलैला लिनियन सोसायटीत डार्विन आणि वॉलेस दोघांचे लेखन वाचले गेले आणि २४ नोव्हेंबर १८५९ला ‘ओरिजिन’ हा ग्रंथ बाजारात आला. मात्र चित्रपटकारांनी प्रसंग अगदी हवेतून काढला असेही नाही. १८४४ मध्ये सिद्धांताचा दीर्घ मसुदा लिहून झाल्यावर डार्विनने एमाच्या नावे पत्र लिहून ठेवले होते : आपण अचानक गेलो तर चारशे पौंड बाजूला काढून हे छापून घ्यावे. नवरा आपल्याला परलोकात भेटणार नाही या भीतीने व्याकूळ झालेल्या बाईवर त्याच नवऱ्याने टाकलेला हा विश्वास कल्पित प्रसंगापेक्षा जास्त नाट्यमय आहे. पटकथेने तो हातचा घालवला.

दुसरा दोष मोठा आहे. लेक गेली आणि देवावरचा विश्वास उडाला, असे सरळ समीकरण प्रेक्षकाच्या मनात उरते. डार्विनने स्वतः आत्मचरित्रात आपली श्रद्धा अगदी सावकाश ओसरल्याचे सांगितले आहे. शिवाय सिद्धांत दुःखातून निघालेला नव्हता. त्यामागे कबुतरांच्या जाती होत्या, आठ वर्षे चालवलेला बार्नेकल या सागरी जीवांचा अभ्यास होता, आणि दगडांत गाडलेली हाडे होती.

हाडांचा हा भाग पडद्यावर सहसा येत नाही, आणि त्यात जबलपूरच्या वाचकाला घरचा दाखला आहे. १८२८ मध्ये, म्हणजे डार्विन केंब्रिजमध्ये विद्यार्थी म्हणून दाखल झाला त्या वर्षी, कॅप्टन स्लीमन यांना जबलपूरच्या बडा शिमला टेकडीवर अश्मीभूत मणके सापडले. ठगांचा बंदोबस्त करणारे म्हणून प्रसिद्ध असलेले स्लीमन ते हेच. भारतात सापडलेले डायनोसॉरचे हे पहिले अवशेष. त्या वेळी ‘डायनोसॉर’ हा शब्दही नव्हता. रिचर्ड ओवेन यांनी तो १८४२ मध्ये घडवला. जबलपूरच्या प्राण्याला ‘टायटनोसॉरस इंडिकस’ हे नाव रिचर्ड लायडेकर यांनी दिले ते १८७७ मध्ये. तोवर ‘ओरिजिन’ येऊन अठरा वर्षे झाली होती. भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांवर हिंदी चित्रपट ‘जिस देश में गंगा बहती है’पासून भाळलेले आहेत, बडा शिमलाच्या वाट्याला ते भाग्य आले नाही. खरे तर हाड ही दिसणारी वस्तू आहे. बिननावाचे एखादे हाड पन्नास वर्षे पडून राहते आणि दरम्यान त्याचा अर्थ लावणारा विचार जन्मतो, ही गोष्ट पडद्याला झेपण्यासारखी आहे. पण त्यात संसार नाही, म्हणून निर्माता नाही.

सिद्धांत बदलून संसार तेवढा ठेवण्याचीही एक वाट आहे. तपन सिन्हांच्या ‘एक डॉक्टर की मौत’मागे (१९९०) डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांची हकिकत आहे. त्यांच्या प्रयत्नाने ३ ऑक्टोबर १९७८ रोजी कोलकात्यात भारतातले पहिले टेस्ट ट्यूब बाळ जन्मले. त्यांच्यावर अविश्वास दाखवला गेला आणि १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. चित्रपटातला डॉक्टर मात्र कुष्ठरोगावरची लस शोधतो. पंकज कपूर आणि शबाना आझमी यांनी उभे केलेले, संशोधनाने पोखरलेले घर अस्सल वाटते. नाव आणि शोध दोन्ही बदलल्यामुळे खऱ्या माणसावर अन्यायही होत नाही.

‘हवाईजादा’ने (२०१५) उलटे केले. माणूस खरा ठेवला, शिवकर बापूजी तळपदे, आणि १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी विमान उडवल्याचा दावाही खरा म्हणून दाखवला. या उड्डाणाचा समकालीन भक्कम पुरावा उपलब्ध नाही. या विमानाचा आधार म्हणून सांगितल्या जाणाऱ्या आणि प्राचीन म्हणून मिरवल्या जाणाऱ्या ‘वैमानिक शास्त्रा’ची बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये छाननी केली. तो ग्रंथ विसाव्या शतकातला आणि त्यातली विमाने उडूच न शकणारी, असा त्यांचा निष्कर्ष होता. प्रेमप्रकरण कल्पित असले तर रसिक खपवून घेतो. पुरावाच कल्पित असला तर तो चरित्रपट राहत नाही.

मराठीतले सर्वांत महत्त्वाचे उदाहरण अमोल पालेकरांचा ‘ध्यासपर्व’ (२००१). त्याचे नायक रघुनाथ धोंडो कर्वे गणिताचे प्राध्यापक. पॅरिसमध्ये गणित शिकून आलेल्या या माणसाने १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपले केंद्र उघडले तेही त्याच वर्षी. कर्वे शिकवत ते विल्सन हे मिशनऱ्यांचे कॉलेज. तिथे हे प्रचारकार्य खपणारे नव्हते. १९२५ मध्ये कर्व्यांनी नोकरी सोडली, प्रचार सोडला नाही. जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक निघू लागले.

त्यांचा विचार त्या काळी जितका समजला गेला त्याहून पुढचा होता. लोकसंख्या फार वाढते म्हणून मुले कमी हवीत, एवढेच त्यांना म्हणायचे नव्हते. मूल हवे की नको हे बाईने ठरवावे, कामसुखावर तिचाही पुरुषाइतकाच हक्क आहे आणि त्यात पाप काही नाही, असे ते छापून सांगत. गांधीजी ब्रह्मचर्य हाच उपाय मानत असताना कर्वे साधनांची माहिती देत होते. सनातनी तर सोडाच, सुधारकही त्यांच्यापासून चार हात दूर राहिले.

इथे डार्विनच्या आणि कर्व्यांच्या घरांतला फरक स्पष्ट होतो. डार्विनच्या घरात सिद्धांत बाहेरून येतो आणि संसाराला धक्का देतो. कर्व्यांच्या बाबतीत सिद्धांत संसाराविषयीचाच आहे. रघुनाथराव आणि मालतीबाईंनी ठरवून मूल होऊ दिले नाही, आणि केंद्राच्या व मासिकाच्या कामात मालतीबाई बरोबर राहिल्या. त्यामुळे त्यांना सोशिक पत्नी म्हणून कोपऱ्यात उभे करणे म्हणजे सिद्धांताचाच अर्धा भाग कापणे. ‘ध्यासपर्व’मध्ये किशोर कदम रघुनाथराव आहेत आणि सीमा बिस्वास मालतीबाई. या भूमिकेसाठी तोलामोलाची अभिनेत्री घेण्यातच पालेकरांची समज दिसते. चित्रपटाला कुटुंबकल्याण विषयासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुरस्काराचा तो सरकारी मथळा मात्र कर्व्यांच्या विचारापेक्षा बराच अरुंद आहे.

घराचा दुसरा पदर बापाचा. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवेशी विवाह केला आणि गावाचा बहिष्कार सोसला. त्यांच्या सुधारणेला पुढे मान मिळाला, १९५८ मध्ये भारतरत्नही मिळाले. मुलाच्या वाट्याला खटले आले. विधवेने पुन्हा लग्न करावे हे समाज हळूहळू ऐकू लागला. कोणत्याही बाईला स्वतःच्या देहाविषयी मत असावे, हे ऐकायला तो तयार नव्हता. एकाच घरातल्या दोन पिढ्यांत सुधारणेची हद्द कुठे संपते, हे दाखवायला पटकथाकाराला कल्पिताची गरज पडत नाही.

खटल्यांकडे मात्र चित्रपटापेक्षा नाटकाने अधिक निरखून पाहिले. अजित दळवींचे ‘समाजस्वास्थ्य’ हे नाटक अतुल पेठे यांनी २०१७ मध्ये रंगभूमीवर आणले. गिरीश कुलकर्णी त्यात कर्वे झाले. अश्लीलतेच्या आरोपावरून १९३१ मध्ये कर्व्यांना शंभर रुपये दंड झाला होता. १९३४ च्या खटल्यात वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरे गुन्हा ठरवली गेली. त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तरी दोनशे रुपये दंड भरावा लागला. न्यायालयात माणसे बोलतात, उलटतपासणी होते, त्यामुळे विचार संवादात आपोआप उतरतो. प्रयोगशाळेत ही सोय नसते. शिवाय नाटकाचा संच गाडीत घालून मुंबई-पुण्याबाहेर नेता येतो. मराठी चित्रपट जिथे चित्रपटगृहात क्वचितच लागतो, त्या जबलपूर-सागरच्या मराठी वस्त्यांना हा फरक चांगला ठाऊक आहे.

कर्व्यांवरच्या कोणत्याही कलाकृतीला शेवट शोधणे अवघड जाते. डार्विनला ग्रंथ छापून येण्याचा क्षण आहे. कर्व्यांना तसा विजयाचा प्रसंगच नाही. मालतीबाई १९४४ मध्ये गेल्या. १९५२ मध्ये स्वतंत्र भारताने कुटुंबनियोजन हा सरकारी कार्यक्रम म्हणून स्वीकारला, असा कार्यक्रम घेणारा तो जगातला पहिला देश ठरला. पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी, रघुनाथराव वारले. ‘समाजस्वास्थ्य’चा शेवटचा अंक निघाला तो त्याच वर्षीच्या नोव्हेंबरचा.