शरदातील कळसूबाई : एक दिवसाची शालेय सहल

भाद्रपद उलटून आश्विन लागला की अकोले तालुक्यातील बारी गावच्या खाचरांत भात निसवू लागते आणि पावसाळाभर ढगांत दडलेला कळसूबाईचा माथा सकाळी स्वच्छ दिसू लागतो. १,६४६ मीटर उंचीचे हे शिखर महाराष्ट्रात सर्वांत उंच, हे विद्यार्थी पुस्तकातून घोकतात. परंतु डोंगर पायांखालून गेल्याखेरीज तो आकडा त्यांचा होत नाही. सहावी-सातवीच्या मुलांना तेथे नेण्यास शरदाच्या आरंभाइतका रम्य काळ दुसरा नाही. मात्र तो तितकाच फसवाही आहे.

परतीचा पाऊस याच दिवसांत असतो. सकाळ निरभ्र असते; पण ओल्या जमिनीवरील दमट हवा उन्हाने तापून वर चढते, थंडावते आणि दुपारनंतर तिचेच गडगडाटी ढग होतात. कळसूबाईच्या वाटेवर उभ्या कड्यांना लोखंडी शिड्या लावलेल्या आहेत. विजेच्या वेळी उघडा माथा आणि लोखंडी शिडी ही दोन्ही ठिकाणे अत्यंत धोक्याची. म्हणून उजाडताच चढू लागावे आणि बारा वाजता वर्ग जेथे असेल तेथून परत फिरावे. मग माथा हाकेच्या अंतरावर का असेना. हा नियम आदल्या दिवशी वर्गात व पालकांनाही सांगून ठेवावा, कारण ऐन शिडीखाली सांगितल्यास मुलांची निराशा शिक्षकास विरघळविते. गडगडाट कानी आलाच, तर बारा वाजण्याचीही वाट पाहू नये. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंत दर तीन सेकंदांस सुमारे एक किलोमीटर अंतर, हा हिशेब मुलांना अवश्य शिकवावा. पण तो खाली उतरत असताना. नवरात्रात माथ्यावरील देवीच्या दर्शनास मोठी गर्दी लोटते. तेव्हा शिड्यांवर लहान मुलांना सांभाळणे कठीण, यास्तव ते नऊ दिवस टाळलेले बरे.

वाट स्वतःच धडा देते. उभा कडा, मग सपाटी, पुन्हा कडा, अशी ही पायऱ्यांसारखी रचना सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर साचलेल्या लाव्हारसाची आहे. कठीण थराचा कडा राहिला, मऊ थर झिजून उतार झाला. शिडी कोठे लागते आणि कोठे लागत नाही, हे पाहता पाहता मुलांना खडकाचा फरक कळतो. त्यासाठी फळ्यावर आकृती काढावी लागत नाही.

खालच्या उतारावर खुरासणीची पिवळी शेते असतात, वर सोनकीचे पिवळे ताटवे. मुले दोन्हींस एकच समजतात, आणि त्यात त्यांची फारशी चूकही नाही. दोन्ही सूर्यफुलाच्याच कुळातील. एक पेरलेली, दुसरी आपोआप उगवलेली. घरी खुरासणीचे तेल वापरणारी मुले वर्गात असली, तर हा भाग त्यांनीच सांगावा, शिक्षकाने ऐकावे.

हवा निर्मळ असल्यास माथ्यावरून दक्षिणेस भंडारदऱ्याचा जलाशय व रतनगड, पश्चिमेस अलंग, मदन व कुलंग हे गड दिसतात. प्रवरेवरील भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले. दक्षिणेकडे उतरणारे पाणी प्रवरेस आणि उत्तरेकडील दारणेस मिळते. दोन्ही अखेर गोदावरीतच जातात. नकाशा येथे उत्तरेकडे तोंड करून पसरावा आणि मुलांनी बोटाने ती वाट काढावी.

उतरताना पाय थकलेले व खडक शेवाळलेले असतात. घसरण्याचे भय चढण्यापेक्षा तेव्हा अधिक. एक शिक्षक पुढे, एक सर्वांच्या मागे, आणि प्रत्येक शिडीच्या पायथ्याशी नावे घेऊन मोजणी. नुसते आकडे मोजू नयेत. घाईत एक मूल दोनदा मोजले जाते. हा प्रदेश कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा असल्याने सोनकीचे फूल तोडू न देता तेथेच बसून वहीत काढून घ्यावे. खुरासणीचे फूल मात्र बारीत शेतकऱ्यास विचारून एखादे आणता येईल. दुसऱ्या दिवशी ते फूल व वहीतील चित्र शेजारी ठेवले, की पाठ तेथून सुरू करता येतो.