पिकअपचा ॲव्हरेज

शिरपूर जैन (ता. मालेगाव, जि. वाशीम) परिसरातून सोयाबीन, तूर बाजार समितीत नेणाऱ्या गाड्यांसाठी :

• ॲव्हरेज : एक लिटर डिझेलमध्ये कापलेले किलोमीटर.

• मोजणी : टाकी फुल करून रीडिंग लिहा. पुन्हा फुल करताना लागलेल्या लिटरने मधल्या किलोमीटरला भागा. उदा. ४२० किमी ÷ ३० लिटर = १४.

• वेग : इंधन बचतीसाठी ‘पीसीआरए’ (स्थापना १९७८) या सरकारी संस्थेची शिफारस ताशी ४५ ते ५५ किमी.

• टायर : हवा थंड टायरमध्ये तपासावी. हवा कमी, तर डिझेल जास्त.

• वजन : आरसीवर रिकाम्या व भरलेल्या गाडीचे वजन असते. भार या मर्यादेतच हवा.

• एअर फिल्टर : धुळीच्या रस्त्यावर लवकर चोंदतो.

• थांबा : मोजमापाच्या रांगेत इंजिन बंद ठेवा.