घर आपले, पडदा कुणाचा?

खडकी बाजारात आज साधा टीव्ही मागायला गेलात तर दुकानदार बहुधा स्मार्ट टीव्हीच समोर ठेवील. अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीतला कामगार असो, डेपोत कंत्राटावर राबणारा तरुण असो, की बोपोडीतून चार घरची धुणीभांडी करायला जाणारी आपली भगिनी असो, 'शून्य डाउन पेमेंट'च्या वाटेने ४३ इंची पडदा दहा बाय बाराच्या खोलीत येतो. घरात वाय-फाय नसेल तर मुलाच्या मोबाइलचा हॉटस्पॉट जोडला जातो. आणि एकही वाहिनी लावण्याआधीच पडद्याच्या वरच्या भागात जाहिरात झळकते. कधी सिनेमाची, कधी मोटारीची.

येथे एक फरक ध्यानात घेतला पाहिजे. मालिकेच्या मध्ये येणारी जाहिरात वाहिनीची असते. तिच्या पैशावर वाहिनी चालते, म्हणून आपण ती सोसत आलो. ही नवी जाहिरात वाहिनीची नाही, यंत्राची आहे. वस्तू आपल्या पैशाने घेतलेली, हप्ते आपण फेडायचे, वीजबिल आपले, इंटरनेटही आपले. आणि त्या पडद्यावरची जागा मात्र कंपनी तिसऱ्याच कुणाला भाड्याने देणार! त्या भाड्यातली दमडीही घरमालकाला नाही.

टीव्हीवर हे थांबणार नाही. सॅमसंग कंपनीने सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत आपल्या 'फॅमिली हब' फ्रिजच्या दारावरील पडद्यावर जाहिराती दाखवण्याचा प्रयोग सुरू केला. हे फ्रिज अठराशे डॉलरपासून पुढच्या किमतीचे, म्हणजे श्रीमंताघरचे. विकत घेताना जाहिरात नव्हती. नंतर सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ती आली. म्हणजे पूर्ण पैसे मोजणाऱ्यालाही सुटका नाही. टीव्ही, फ्रिज, एसी बनवणारे बडे कारखाने आपल्या पुण्याजवळ रांजणगावलाच आहेत. आज अमेरिकेत जे चालले ते उद्या तिथल्याच पट्ट्यावरून आपल्या घरात यायला वेळ लागत नाही.

कुणी म्हणेल, जाहिरातच ना, बघायची नसेल तर मान फिरवा. खरा प्रश्न आपण जाहिरात पाहतो हा नसून जाहिरात आपल्याला पाहते हा आहे. अनेक स्मार्ट टीव्हींमध्ये पडद्यावर काय चालले आहे ते ओळखणारी यंत्रणा बसवलेली असते. केबल लावा, पेन ड्राइव्ह लावा, ती ठरावीक वेळाने चित्राचा ठसा घेते आणि कंपनीकडे पाठवते. अमेरिकेतील व्हिझिओ या टीव्ही कंपनीने १ कोटी १० लाख टीव्हींमधून अशी माहिती घरच्यांना न विचारता गोळा केली, तिला घरातील माणसांचे वय, लिंग, उत्पन्न, शिक्षण यांची जोड देऊन ती विकली. २०१७ मध्ये तिला २२ लाख डॉलर भरावे लागले. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये वॉलमार्टने हीच कंपनी २३० कोटी डॉलरला विकत घेतली. किराणा विकणाऱ्याला टीव्ही कंपनी कशाला हवी, याचे उत्तर वाचकांनीच द्यावे.

आता हे आंबेडकरी चळवळीच्या दैनिकात कशासाठी लिहायचे? कारण या देशात माहितीच्या वहीत जातीचा रकाना नसला तरी जात कळते. आडनाव, वस्ती, १४ एप्रिलला दिवसभर वाजणारी भीमगीते, ६ डिसेंबरला लावलेले चैत्यभूमीचे प्रक्षेपण, एवढे पुरे आहे. कुणी कारकून बसून यादी करील असे नाही. यंत्रच 'अशा' घरांचा एक गठ्ठा बांधील आणि त्या गठ्ठ्याला काय दाखवायचे व काय दाखवायचे नाही हे ठरवील. जास्त व्याजाच्या कर्जाची जाहिरात खडकीच्या चाळीला, आणि नव्या गृहसंकुलाची, चांगल्या कॉलेजची, नोकरीची जाहिरात औंधच्या बंगल्याला! वाळीत टाकल्याचे निदान कळते तरी; न दाखवलेली जाहिरात कळतसुद्धा नाही.

ही कविकल्पना नव्हे. फेसबुकवर घरांची जाहिरात देताना ती कृष्णवर्णीयांना दिसू नये अशी सोय जाहिरातदाराला होती, हे २०१६ मध्ये 'प्रोपब्लिका' या वृत्तसंस्थेने उघड केले. २०१९ मध्ये अमेरिकेच्या गृहनिर्माण खात्याने फेसबुकवर भेदभावाचा आरोप ठेवला आणि २०२२ मध्ये न्याय खात्याशी कंपनीला समझोता करावा लागला. ज्या देशात घर भाड्याने देताना आडनाव विचारले जाते, त्या देशात हे हत्यार कुणाच्या हाती जाईल?

जाहिरातीची ताकद बाबासाहेबांइतकी कुणी जाणली नसेल. १९२० साली 'मूकनायक' सुरू झाला तेव्हा पैसे देऊ केले असतानाही पुण्याच्या 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही. आमची जाहिरात त्यांच्या घरात विटाळ करीत होती. आज त्यांची जाहिरात आमच्या घरात न विचारता बसते! १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यातच, गोखले स्मारक सभागृहात, न्या. रानडे जयंतीच्या व्याख्यानात बाबासाहेबांनी पत्रकारितेचा धंदा कसा झाला यावर कोरडे ओढले. अस्पृश्यांना स्वतःचे वृत्तपत्र चालवता येत नाही, कारण ते जाहिरातीवर जगते आणि जाहिरात देणारे व्यापारी काँग्रेसच्या दावणीला बांधलेले, हेही त्यांनी १९४५ साली मांडून ठेवले. ज्याच्या हाती जाहिरात त्याच्या हाती तोंड, हा धडा आपण शंभर वर्षे गिरवतो आहोत. आपली दैनिके आजही कशी चालतात हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको.

पण त्याहून महत्त्वाचा दाखला 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये आहे. मार्च १९४७ मध्ये घटना समितीला सादर केलेल्या त्या मसुद्यात बाबासाहेबांनी माणसाचा देह, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांना अवाजवी झडती व जप्तीपासून संरक्षण हा मूलभूत हक्क म्हणून घातला होता. पुढे विरोध झाला आणि हे कलम राज्यघटनेत आले नाही. सत्तर वर्षांनी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टास्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तेव्हा त्या निकालात याच मसुद्याचा उल्लेख करावा लागला. त्याच पुस्तिकेत बाबासाहेबांनी बजावले आहे की सरकारचा हात काढून घेतला म्हणजे गरीब स्वतंत्र होतो असे नाही, तो खासगी मालकाच्या हुकमतीखाली जातो. मनमाडला १९३८ मध्ये रेल्वे कामगारांपुढे ब्राह्मणशाहीच्या जोडीने भांडवलशाहीला शत्रू म्हणणाऱ्या नेत्याला हे वेगळे सांगावे लागले नाही. पोलिसाने वॉरंटशिवाय घरात शिरू नये म्हणणारे आपण, कंपनीचा डोळा चोवीस तास घरात कसा खपवून घेतो?

कायदे कागदावर आहेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार संमती घेताना ती सूचना आठव्या परिशिष्टातील भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याची सोय द्यावी लागेल. अठरा वर्षांखालील मुलांवर पाळत ठेवून त्यांना नेमक्या जाहिराती दाखवायला मनाई आहे. एका खोलीच्या घरात कुठला टीव्ही मुलांचा आणि कुठला मोठ्यांचा, हे कंपनी कसे ठरवणार? नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि कंपन्यांवरील मुख्य बंधनांना अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. माहिती अधिकार कायद्याला कात्री लावणारे याच कायद्यातील कलम मात्र लगेच लागू झाले! सरकारला स्वतःच्या यंत्रणांना सूट देण्याची सोयही यात आहे. अशा कायद्यावर विसंबून झोपी जाणे आपल्याला परवडणारे नाही.

त्या मानाने ग्राहक कायदा हाताशी आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्राहकाला फसवणाऱ्या तेरा क्लृप्त्यांना मनाई केली. छुपी जाहिरात, बळजबरीची संमती आणि पुन्हा पुन्हा केलेली टोचणी त्यात येतात. दुकानात दाखवताना नसलेली जाहिरात घरी आल्यावर सुरू झाली, तर तक्रार करता येते. आपल्या विहारांत रविवारी वंदना झाल्यावर शिकलेल्या पोरांनी वस्तीतल्या चार घरी जाऊन रिमोट हातात घ्यावा, सेटिंगमधल्या 'प्रायव्हसी'च्या भागात पाहण्याची माहिती पाठवणारी व आवडीनुसार जाहिराती दाखवणारी बटणे शोधून बंद करावीत, आणि नुसती केबल पाहणाऱ्या घरात टीव्हीचे इंटरनेटच काढून टाकावे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. बिल हप्ते फिटेपर्यंत तरी फेकू नका, खरेदीची तारीख त्यावरच असते.